आठे की आठ

सोमवार, १० नोव्हेंबर

काल लिहिलेलं चूक आहे. खोडत नाही. बरोबर काय ते खाली लिहिते.

काल मी लिहिलं की आपल्या तपोवन क्लबच्या हॉकीच्या सराव सामन्यातला शेवटचा गोल मनीषाच्या चुकीने झाला. तिने पेनल्टी कॉर्नर अडवला, बॉल पॅडला लागून समोर पडला आणि ती ओरडली, "आठ! आठ!" आठ नंबरची शुभांगी तेव्हा पार सेंटरला. डिफेन्सची सायली बॉलपासून दोन पावलांवर, पण आपल्याला नाही बोलावलं म्हणून ती थांबली. समोरच्यांनी येऊन बॉल आत ढकलला. गोलकीपरने चुकीची हाक दिली — असं मी ठासून लिहिलं.

मनीषा 'आठ' म्हणालीच नव्हती. ती 'आठे' म्हणाली!

आज सकाळी मळ्यात शेवंती तोडत होतो. आई वाफ्याच्या पलीकडून ओरडली, "पाटी आठे ठेव ना!" आणि मी पाटी धरून तशीच उभी राहिले. आई सटाण्याची. घाईत असली की तिची अहिराणी बाहेर पडते. आठे म्हणजे इथे. मनीषाही तिकडचीच, कळवणची. ती सायलीला सांगत होती — इथे! इथे ये! सायली नाशिकरोडची, तिने ऐकलं आठ. कोच समाधान सरांनीही ऐकलं आठ. सामना संपल्यावर ते सगळ्यांसमोर म्हणाले, "आठ नंबर कुठे उभी आहे ते दिसत नव्हतं का तुला?" मनीषा हेल्मेट काखेत धरून गप्प.

आणि कुंपणाबाहेरून बघणाऱ्या मीही आठच ऐकलं. हे लिहायलाच हवं. मला पहिली अक्षरं आईने घरी शिकवली, ओट्यावर बसवून, अहिराणीतून. शाळेत गेले ती एकदम तिसरीत. पहिल्याच दिवशी विचारलं, "मी आठे बसू?" — अख्खा वर्ग आठ बोटं नाचवत हसला. तेव्हापासून हा शब्द माझ्या तोंडातून गेला. कानातूनही गेला होता, हे आज कळलं.


मंगळवार, ११ नोव्हेंबर

कुणाला सांगू? दिवसभर ठरवत होते. कुणालाच सांगितलं नाही.


गुरुवार, १३ नोव्हेंबर

लीग जानेवारीत. सोळा जणींची नावं सर सोमवारी, २४ तारखेला लावणार. मी माझी टीम मनातल्या मनात कितीदा लावली आणि मोडली! अमोल — माझा चुलतभाऊ, मॅचला मला गाडीवर घेऊन जातो म्हणून स्वतःला मॅनेजर समजतो — म्हणाला, "काय सिलेक्टरबाई, झाली का निवड? की नावं लागेपर्यंत उपास धरलायस?"

खरं तर यंदाची टीम बघून छाती भरून येते. गेल्या वर्षी आपण मधल्या फळीत मार खाल्ला. यंदा तिथे शुभांगी कॅप्टन आहे. ती बॉल अडवते तेव्हा आवाज होत नाही. बाकीच्यांच्या स्टिकवर टक्क वाजतं, तिच्या स्टिकवर बॉल येऊन नुसता बसतो — जसा काही घरी आला. मग ती मान वरही न करता पास देते आणि तो बरोबर पोचतो. मी तीन वर्षं बघतेय, अजून अंगावर काटा येतो. बोलणंही तसंच. स्वच्छ, तोलून मापून, बातम्या सांगणाऱ्या बाईसारखं. मुली तिच्यासमोर आपोआप नीट बोलायला लागतात. मी तर बोलतच नाही.

डावी बाजू कच्ची आहे. सायली पुढे जाते आणि परत यायला विसरते. पेनल्टी कॉर्नर मारणारी अजून एक हवी. पण या सगळ्यावर रात्र घालवावी असं काही नाही. काळजी गोलकीपरची आहे. सरांना एक फॉरवर्ड जादा हवी, म्हणून सोळांत गोलकीपर एकच नेणार. उज्वला किंवा मनीषा.

अमोल म्हणतो उज्वला. "तिचा आवाज ऐकलास का? पंचवटीतले रिक्षावालेसुद्धा बाजूला होतात!" आवाज खरंच मोठा आहे. शब्द स्पष्ट. बॉल मात्र तिला उशिरा दिसतो. अन्याय नको म्हणून लिहिते — फार उशिरा नाही. थोडा.

मनीषाला बॉल आधीच ठाऊक असतो. दुसरा शब्द मला सुचत नाही.


रविवार, १६ नोव्हेंबर

आज दुसरा सराव सामना. सुरू व्हायच्या आधी सर मनीषाला म्हणाले — मी कुंपणाशीच होते, सगळं ऐकू आलं — "बोलायचं तर नीट बोल. नाहीतर बोलूच नको."

ती बोलली नाही. संपूर्ण सामना!

गोलकीपर गप्प म्हणजे काय होतं ते आज बघितलं. पुढे उभ्या मुलींना पाठीमागचं दिसत नाही, मागून हाक आली तरच कळतं. सायली दोनदा आपल्याच मुलीवर आदळली. समोरच्यांच्या फॉरवर्ड मोकळ्या सुटून आत येत होत्या, एकामागून एक. आणि आत ती एकटी.

जे बघितलं ते नीट उतरवता येईल का, माहीत नाही. उजवीकडून जोरदार फटका आला. मनीषा आधीच डावीकडे झुकलेली — गेला, असं मी मोठ्याने म्हणाले. पडता पडता तिने उजवा पाय मागे फेकला, नुसता पाय, नजर तिकडे नाही, आणि बॉल पॅडच्या टोकाला लागून वरून गेला. ती उठायच्या आत दुसरा फटका. गुडघ्यावरच होती. हाताने अडवला. पलीकडच्या टीमची एक मुलगी हसायला लागली, खोटं नाही, आनंदाने हसत होती! अमोलच्या हातातली भेळ तशीच. "अगं..." एवढंच म्हणाला तो.

इतकं करूनही आपण हरलो. दोन गोल झाले. एकाही वेळी तिच्यापाशी कोणी नव्हतं.

जाताना सर कुणाशी तरी म्हणत होते, "हात चांगले आहेत हो. पण मुकी गोलकीपर काय कामाची?"

मुकी!


मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज गेले. अमोलला सांगितलं देवळात फुलं द्यायची आहेत. (फुलं दिलीसुद्धा. म्हणजे खोटं नाही झालं.) मग मैदानावर.

मनीषा नळावर पॅड धूत होती. मी दहा वाक्यं पाठ करून गेले होते, सगळी विसरले. एकदम म्हणाले, "त्या दिवशी तू आठे म्हणालीस ना?"

तिने आधी इकडेतिकडे बघितलं. मग मला वरपासून खालपर्यंत.

"तुम्हाला कसं समजलं?"

"माझी आई सटाण्याची."

ती हसली. पहिल्यांदाच तिला हसताना बघितलं, पुढचा एक दात तुटलेला आहे. "घाईत तेच निघतं, ताई. एरवी मी नीट बोलते. बॉल आला का मी कळवणची होते!"

मी म्हणाले, मग सरांना सांग ना. एका शब्दाचा तर गोंधळ.

हसू गेलं. "नको. सर म्हणतील, हिला धड मराठीबी येत नाय. आत्ता नुसती मुकी म्हणतात. मुकी बरी." आणि मग, पॅड पिळत, "तुम्ही बी नका सांगू. शपथ आहे."

मी शपथ घेतली नाही. पण नाहीही म्हणाले नाही. यातलं काय धरायचं?

निघताना तिने विचारलं, "सोळांत येईन का मी? तुम्ही लय वर्षं बघताय म्हणतात." मला वाटलं होतं मी कुंपणाशी उभी असते ते कुणाला दिसतच नाही.


बुधवार, १९ नोव्हेंबर

आईला सगळं सांगितलं. हार ओवता ओवता ऐकत होती. दोरा तोडून म्हणाली, "तिन्हा काय गुन्हा शे?"

गुन्हा नाही गं, लोक हसतात.

"हसू दे. तूच तर सगळ्यांत आधी लाजलीस. तिसरीत होतीस. घरी येऊन मला म्हणालीस, आई, तू शाळेत येऊ नको."

मला हे आठवत नव्हतं. तिला आठवतं. तिच्या बोलण्यात राग अजिबात नव्हता, तेच सहन होईना. मी शेवंतीच्या ढिगात मान घातली आणि ओवत राहिले.

मग एक आठवलं, ते लिहून ठेवते, कारण दहा तारखेला लिहायचं राहिलं. त्या गोलच्या वेळी मनीषाने हाक दिली आणि शुभांगी सेंटरवरून धावत आली. कशी धावली! वाऱ्यासारखं वगैरे लिहीत नाही, पण इतकी लांब असून ती पोचता पोचता राहिली. मी समजत होते, आपला नंबर ऐकला म्हणून आली. पण ती आपल्या जागेवर बॉल मागत थांबली नाही. सरळ मनीषाच्या पायाशी आली. जिथे बोलावलं होतं तिथे.

उगाच काहीतरी. तिला कुठून कळणार? ती तर शहरातली, कॉलेज रोडची.

सरांशी बोलायचंच. मनीषाची माफी मागून, पण बोलायचं.


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सरांना गाठायला सराव सुटताना गेले. सर निघून गेलेले. गेटजवळ शुभांगी पाठमोरी, फोनवर. तो आवाज तिचा आहे हे कळायलाच वेळ लागला.

"काय करी ऱ्हायनी माय? जेवण व्हयनं का?"

आणि हसली, मोकळी, मोठ्याने. मग वळली, मला बघितलं, आणि फोन खाली घेऊन स्वच्छ मराठीत म्हणाली, "काही हवंय का?"

मी नाही म्हणून आले. म्हणजे त्या दिवशी तिला आठेच ऐकू आलं होतं!

आता सरांकडे मी जाणार नाही; कॅप्टनने सांगितलं तर ते ऐकतील. रविवार, २३ नोव्हेंबर, सकाळी, सराव सुरू व्हायच्या आधी, शुभांगीकडे जाणार. आणि तिच्याशी अहिराणीत बोलणार.