लिंडेबेक फुटबॉल क्लब, शाखा शिरवणे

शिरवणे,
शुक्रवार, १३ डिसेंबर १९९६

आदरणीय ताजुद्दीन मामूंना मुझम्मिलचा अदबीनं सलाम.

तुमची शुगर, मुमानीचे गुडघे आणि गॅलरीतला मोगरा, तिघंही ठीक असतील अशी आशा करतो. आमच्याकडे अम्मी ठीक आहे, म्हणजे सकाळपासून माझ्यावर ओरडतेय.

पत्र लिहायला उशीर झाला हे आधीच कबूल करतो. बोटीवरची नोकरी तुमच्या चिठ्ठीमुळे लागली. तेव्हा तुम्ही एकच गोष्ट मागितली होती, "तिकडचं सगळं नीट कळवत जा." मी परत येऊनसुद्धा नऊ महिने झाले, आणि आजवर कळवलं काय, तर नाझियाच्या लग्नात जिन्यात गाठ पडली तेव्हा "मामू, थंडी लई होती." तीन वेळा पत्र सुरू केलं. पहिल्या वेळी पेन मिळालं नाही, दुसऱ्या वेळी बासित क्रिकेटला घेऊन गेला, तिसऱ्या वेळी थेट खरं लिहायची पाळी आली म्हणून थांबलो.

तर बेल्जियम. (हा देश फ्रान्सच्या वर आहे. मी आधी आफ्रिकेत समजत होतो, पण मी सातवीत दोनदा बसलोय हे तुम्हाला माहीतच आहे.) त्याची सुरुवात पनवेलच्या बाजारातून होते. तिथं गाडीवर विलायती जुने कपडे ढिगानं विकतात, त्यात मला एक हिरवी-पिवळी जर्सी मिळाली. छातीवर लिंडेबेक, पाठीवर आठ नंबर, उजव्या कोपराला सुरेख रफू. मी म्हटलं, एवढी जाड जर्सी म्हणजे क्लब जबरदस्त असणार. बिल्ल्यावर गावाचं नाव होतंच, त्या पत्त्यावर पत्र टाकायचं ठरवलं. पण साध्या कागदावर पत्र लिहिलं तर कोण विचारतो? आपल्याकडची रीत तुम्ही जाणता, आधी मंडळ, मग लेटरहेड, मग काम. नंदकुमार त्याच्या काकांच्या छापखान्यात बसायचा. त्यानं एका दुपारी 'लिंडेबेक फुटबॉल क्लब मित्र मंडळ, शाखा शिरवणे, नवी मुंबई' असं झोकात छापून दिलं. डाव्या बाजूला पदाधिकाऱ्यांची नावं, सगळी इंग्रजीत. एक्कावन्न. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, नऊ उपाध्यक्ष, चौदा सल्लागार, असं करत खाली. साधा सभासद एकही नाही, कारण साधा सभासद म्हणून नाव टाकलं की माणूस रुसतो. (विचारलं कोणालाच नव्हतं, पण न विचारता तरी कोणाला का रुसवायचं?)

दीड महिन्यानं तिकडून उत्तर आलं. तीन पानं, कॅलेंडर, आणि "कधीही या." आणि तुमच्या मेहरबानीनं माझी बोट अँटवर्पला लागली, तीही चार दिवस. रविवारी जर्सी घातली, भंडाऱ्याचे बूट उसने घेतले (भंडारी म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी, पाय माझ्यापेक्षा दोन नंबर मोठे) आणि बसनं निघालो. लाखभर माणसाचं स्टेडियम शोधत होतो म्हणून दोनदा खऱ्या मैदानासमोरून पुढे गेलो. एका बाजूला चर्च, दुसऱ्या बाजूला कुंपणावरून मान काढून मॅच बघणाऱ्या गाई, मधे चिखल. प्रेक्षक मी मोजले, गाई सोडून चव्वेचाळीस. तिकडे फुटबॉलचेही वर्ग असतात, फक्त वरून खाली मोजतात. लिंडेबेक सातव्या वर्गात. मला लगेच आपुलकी वाटली.

दारावर तिकिटाचा डबा घेऊन एक म्हातारी बसली होती. तिनं माझं कोपर धरलं आणि सोडेचना. मला वाटलं, पकडला! तर रफू तिचंच. आठ नंबर तिच्या मुलाचा, जर्सी तिनंच जुन्या कपड्यांत दिलेली. सगळ्या टीमचे कपडे तीच धुते, तीच शिवते. तिचं नाव घ्यायला गेलं की जीभ मुडपते, म्हणून मी गोदाबाई म्हणतो. तिनं हाका मारून सेक्रेटरींना बोलावलं, आणि ते मला कँटीनमधे घेऊन गेले. मामू, भिंतीवर आपलं लेटरहेड काचेच्या फ्रेममधे.

मग मला मैदानात नेलं. त्यांचं म्हणणं इतकंच होतं की पाहुण्यानं बॉलला पाय लावावा. पण हातात माईक आला, आणि आपल्याकडे माईक आला की काय करतात तेवढंच मला माहीत. मी मराठीत सुरू केलं. "व्यासपीठावरील मान्यवर" म्हणालो, व्यासपीठ नव्हतं. सर्वांचे आभार मानले, गाईंकडे हात करून त्यांचेही. बावीस माणसं अर्ध्या चड्डीत कुडकुडत उभी, आणि रेफरीनं शिट्टी फुंकली ती मी टाळी समजलो. शेवटी किक मारली. बॉल चार हात गेला, भंडाऱ्याचा बूट त्याच्या पुढे.

आम्ही सहा-शून्यनं हरलो. (आम्ही म्हणतोय बघा.) मग कँटीनमधे सगळे असे खूश की जणू कप जिंकला. गोदाबाईंनी माझ्यासाठी वेगळ्या तव्यावर अंडी केली आणि समोर बसून फ्रेममधली नावं एकेक विचारली. हा कोण, काय करतो? मग मी सुरू झालो. अध्यक्षांबद्दल जरा जास्तच बोललो. शांत माणूस, कधी आवाज चढवत नाहीत, फुटबॉलवर इतका जीव की घराच्या गॅलरीत बॉल फुलांनी सजवून ठेवलाय. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सेक्रेटरींनी सांगितलं की मैदानावर घरं बांधायचा गावच्या कचेरीचा बेत आहे. "रविवारी पन्नास माणसं येत नाहीत, मैदान हवंय कशाला?" असं तिथं विचारलं, तेव्हा यांनी आपलं लेटरहेड टेबलावर ठेवलं, की इथं नसतील, भारतात एक्कावन्न आहेत. तेवढ्यावर निकाल पुढे ढकललाय. मैदानावर प्लॉट पडणं म्हणजे काय, हे शिरवण्यात वाढलेल्याला कोणी सांगायला नको. त्या क्षणी खरं बोलायला हवं होतं. मी आणखी एक अंडं मागितलं.

बाकी सर्व क्षेम. मुमानीला सलाम.

तुमचा भाचा,
मुझम्मिल

ता.क. १. रविवारी, म्हणजे परवा, सेक्रेटरी इथं येत आहेत. शाखेचा एकत्र फोटो काढून गावच्या कचेरीत द्यायचाय. फोटो नसेल तर जानेवारीत मैदान जाणार. माणसं मी जमवतोय. भगवान आणि शिवा कबूल झालेत, पुतळामावशी "फोटोच असेल तर येते" म्हणाली.

ता.क. २. अध्यक्ष तुम्ही आहात. नाव छापताना वजनदार माणूस दुसरा कोणी आठवला नाही. आमच्या बॉलनं तुमच्या दुकानाची ट्यूब फुटली तेव्हा तुम्ही तो विळीवर मधोमध चिरून दोन्ही अर्ध्यांत मोगरा लावला होता हे मी विसरलेलो नाही, पण ते तिकडे कोणाला माहीत नाही. मामू, हवं तर नंतर मलाही विळीवर घ्या, परवा तेवढं शेरवानी घालून मधल्या खुर्चीत बसा.

ता.क. ३. हे लिहीत असतानाच खाली रिक्षा थांबली. सेक्रेटरी नाहीत, त्यांच्या पायाला प्लास्टर. गोदाबाई स्वतः आल्यात, दोन दिवस आधी, एवढं मोठं बोचकं घेऊन. त्यात एक्कावन्न जर्सी, प्रत्येकीवर हातानं टाचलेलं नाव. अम्मी स्वतःच्या नावाची छातीशी धरून ओरडतेय, "मी कधीपासून उपाध्यक्ष?" तुमची एक नंबरची. बाई ती अध्यक्षांना आपल्या हातानं द्यायची म्हणून हटून बसल्यात, आणि अम्मीनं तुमचा दिघ्याचा पत्ता देऊन टाकला. आता त्या, बासित आणि हे पत्र एकाच रिक्षातून निघतायत. बासित पत्र दाराखालून सरकवेल. वाचून होईपर्यंत दार उघडू नका. आणि उघडण्याआधी गॅलरीतल्या मोगऱ्याच्या त्या दोन कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, म्हणजे लांबून तरी अख्खा बॉल दिसेल.