सदानंदसाठी केलेली प्रार्थना

निझवा,
४ ऑक्टोबर २०२५

प्रिय सरिताताईस,
प्रेमानंदचा सप्रेम सलाम, वि. वि.

फोनवर तू मला मध्येच तोडतेस, म्हणून हे पत्र. तुमच्या सूरला माल पोचवणाऱ्या उजैरभाईंच्या हाती देतोय. आम्ही खुशाल आहोत. आमची प्रणाली रांगू लागली आहे.

आता मुख्य गोष्ट. मस्कतला मराठी उपासनेसाठी आम्ही सदानंदच्या गाडीने जातो. पण शुक्रवारी सकाळी इथे शेळ्यांचा बाजार भरतो, आणि हा पठ्ठ्या तिथे थांबल्याशिवाय पुढे सरकत नाही. घेत काहीच नाही, नुसता बघतो! काल पुन्हा उशीर झाला. पहिलं गीत मी म्हणायचं होतं, ते माझ्याविनाच झालं. वाटभर मी गप्प होतो. प्रार्थनेच्या वेळी मात्र मोठ्याने म्हणालो की, प्रभू, ज्या भावाचं मन शेळ्यांत रमतं त्याला तुझ्या मेंढरांत आण. लोक फिसकन हसले. सदानंद तडक निघून गेला आणि आम्हाला परतायला टॅक्सी करावी लागली.

मी शिवी दिली का? प्रार्थनाच केली ना? सतरा तारखेला प्रणालीचा बाप्तिस्मा आहे. सदानंद तिचा गॉडफादर होणार होता, आता तो नको. दाजींना विचारशील?

लोभ असू दे, रागावू नकोस.
तुझा,
प्रेमानंद


सूर,
८ ऑक्टोबर २०२५

चि. प्रेमूस,
ताईचा सलाम आणि अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले, मग मला तुझा भयंकर राग आला. तो सरळ तुलाच कळवते आहे. असा कळवायचा असतो.

राग येणं पाप नाही रे. गाडीतच बोलला असतास, तर सदाभाऊ दोन शब्द बोलले असते, तू चार, आणि मस्कत येईपर्यंत मिटलं असतं. तू देवाला मध्ये घालून टोमणा मारलास. सगळ्यांचे डोळे मिटलेले, त्या माणसाने उत्तर कसं द्यायचं? त्याला प्रार्थना म्हणतोस होय?

दाजी मिळणार नाहीत. तुम्ही ओमानला नवे आलात, तेव्हा स्वतःचा पलंग तुम्हाला देऊन सदाभाऊ जमिनीवर झोपले होते. असा माणूस घालवू नकोस. वेदीपाशी जाण्याआधी भावाशी समेट करायचा, हे तुला मी सांगायला नको. आणि 'वाईट वाटलं असेल तर' असं गुळमुळीत बोलू नकोस. काय केलंस ते स्पष्ट सांग.

वहिनीला सलाम. माया आहे म्हणूनच ओरडते.
तुझी,
ताई


निझवा,
१८ ऑक्टोबर २०२५

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

दहा तारखेच्या शुक्रवारी सदानंदला बाजारातच गाठलं. म्हणालो, तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून देवाच्या आडून तुझा अपमान केला. शेळ्यांवरची नजर न काढता तो म्हणाला की चारचौघांत केलंस, तर चारचौघांतच सांग. त्याच दिवशी उपासनेत उभा राहून, डोळे उघडे ठेवून सांगितलं. सदानंद मागे बसून ऐकत होता. पुढे आठवडाभर त्याचा फोन नाही.

काल पाळकसाहेबांनी गॉडफादर कोण असं विचारलं आणि मी मान खाली घातली. तेवढ्यात मागून सदानंद चालत आला आणि त्याने प्रणालीला माझ्या हातून घेतलं. नंतर हळूच म्हणाला की राग अजून गेलेला नाही, पण तो घेऊन घरी बसलो तर कधीच जायचा नाही. मग उपासना संपेपर्यंत तो प्रणालीला मांडीवर घेऊन, एक अक्षर न बोलता, माझ्याच शेजारी बसून राहिला. ताई, इतका आनंद मला कुणाच्या बोलण्यानेही झाला नसता.

लोभ असाच ठेव, आणि गरज पडली की ओरड.
तुझा,
प्रेमू