दुसऱ्या भागाचे एकेचाळीस तास

मंगळवार, संध्याकाळ, गडचांदूर

ताई नेहमी म्हणते, त्या बेटाच्या गेमचा पहिला भाग भारी, दुसरा फालतू. पहिल्यात बेटाचा नकाशा आपणच हिंडून शोधायचा. दुसऱ्यात बाण सगळं दाखवते, डोकं लागतच नाई. मले मात्र दुसराच आवडते.

आज माह्या मोबाईलवर तिच्या खात्यातून दुसरा भाग सहज उघडला. या एका महिन्यात ती एकेचाळीस तास खेळलेली. फालतू गेम कोणी एवढा खेळते का? अन् कधी? घरी तर हात लावत नाई. बसमध्ये खेळते म्हणे, पण ऑफिसपर्यंत बस वीस मिनिटांची. एकेचाळीस तास कुठून आले?

ती आल्यावर सरळच विचारलं, "ताई, तू दिवसभर कुठी राह्यते?"

चप्पल काढता काढता ती थांबली. "महिना झाला, कामावरून काढलं. लायब्ररीत बसून अर्ज करते. मन नाई लागलं तं गेम खेळते. आईले सांगू नको."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तू सगळ्यांले सांगत फिरते ना, ताईसारखी नोकरी करीन म्हणून."

मी तिची बॅग आत नेऊन ठेवली.

जेवताना आईकडं पाहत होती. पहिले ती रोज ताईले विचारायची, आज ऑफिसात काय झालं. आता आठवून राह्यलं, महिनाभर तिनं एकदाही विचारलं नाई.