बंद खोलीतलं भाषण

गार्डन रीच, कलकत्ता
१२ डिसेंबर १९७७

प्रिय लीना,

शिबिरातून पाठवलेलं तुझं पाकीट परवा मिळालं. भारताच्या संघात तुझं नाव आल्यापासून तुझ्या आईचा पाय घरात ठरत नाही. शेजारच्या मुखर्जीबाईंना, कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याला, बसच्या कंडक्टरलासुद्धा सांगून झालं. मुखर्जीबाईंनी विचारलं, मुलगी बॅटिंग करते की बोलिंग? आई म्हणाली, दोन्ही. आणि माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. तुला आनंदाचं पत्र लिहायला बसलो होतो, तीन कागद फाडले. सभेत तासतासभर बोलणाऱ्या माणसाला आपल्या मुलीला एक गोष्ट सांगता येत नाही. गोष्ट दीड वर्षापूर्वीची आहे. तुझ्या बोलिंगची आहे.

अडुसष्ट साली तू अकरा वर्षांची होतीस. आपल्या रेल्वे क्वार्टर्समागच्या मैदानावर संध्याकाळी नदीवरचा वारा सुटला की तू चेंडू हातात घ्यायचीस, आणि सरळ येतोय असं वाटणारा चेंडू शेवटच्या क्षणी बाहेर निघून जायचा. ते तुला कुणी शिकवलं नव्हतं. मी तर आयुष्यात बॅट धरली नव्हती. पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. लायब्ररीतून क्रिकेटची चार जाड पुस्तकं आणली आणि तुला मनगटावर व्याख्यान देऊ लागलो. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, बाबा, तुम्ही तोंडानं फार छान खेळता. आई आठवडाभर हसत होती. चौऱ्याहत्तरच्या रेल्वे संपात मी तुरुंगात होतो तेव्हा तू भेटायला आलीस, पाच विकेट आणि अडतीस धावांची बातमी घेऊन. मी भेटीचा सगळा वेळ संपावर बोलण्यात घालवला. निघताना तू घाईघाईत आकडे सांगितलेस. तेव्हा ते मला खटकलं नाही, आज खटकतं.

मुलींच्या क्रिकेटला मैदान कुणी देत नव्हतं, म्हणून ते चालवणाऱ्या बायकांनी मला सोबत घेतलं. मैदानवाल्यांशी मी भांडलो, आठवड्यातले दोन दिवस मिळवले, आणि त्या कौतुकात त्यांनी मला निवड समितीवर बसवलं. मी नाही म्हणायला हवं होतं. मुलगी खेळते त्या समितीवर बाप कशाला? पण ते साल शहात्तरचं. आणीबाणीमुळे सभांना बंदी होती. वर्षभर मी कुठल्या व्यासपीठावर उभा राहिलो नव्हतो. घरात भिंतींशी बोलायचो, आई पंखा मोठा करायची.

जुलैमध्ये बैठक झाली. परदेशी संघ येणार होता, त्याआधीच्या शिबिरासाठी इथून तीन नावं पाठवायची होती. अध्यक्षबाईंनी पहिलंच नाव तुझं लिहिलं. चर्चा झालीच नाही, कारण करण्यासारखं काही नव्हतं. त्या मोसमात तुझ्याइतक्या विकेट कुणाच्या नव्हत्या आणि धावांत तू तिसरी होतीस. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, की दिगंबरबाबू, रीत म्हणून पाच मिनिटं बाहेर बसा, आम्ही ठराव लिहून घेतो. बाहेर बाक होता. मी उठून त्यावर जाऊन बसलो असतो तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

मी उभा राहिलो, पण दाराकडे गेलो नाही. माझं आयुष्य वशिलेबाजीविरुद्ध बोलण्यात गेलं. साहेबांचे भाचे, पुतणे, जावई, सगळ्यांची नावं मी भर सभेत घेतली आहेत. मी म्हणालो, "निवडणारा ज्या घरात राहतो, त्या घरातलं नाव या कागदावर असेपर्यंत मी सही करणार नाही." समोर सहा माणसं होती. वर्षभरानं मला समोर बसलेली माणसं मिळाली होती, लीना. मी वीस मिनिटं बोललो. दोघांचे डोळे भरून आले. अध्यक्षबाई शेवटपर्यंत म्हणत होत्या, की मुलगी चांगली खेळते हा तिचा गुन्हा आहे का? त्यांना मी उत्तर दिलं नाही, भाषण दिलं. तुझं नाव खोडलं गेलं आणि सुचित्राचं लिहिलं गेलं. सुचित्रा बॅटिंग बरी करते. चेंडू टाकायला तिला कुणी सांगतही नाही. घरी येताना बसमध्ये मी ताठ बसलो होतो. मला वाटत होतं, मी मोठा त्याग केला. त्याग तुझा होता, आणि तुला विचारलंही नव्हतं.

दारात तू उभी होतीस. तुझ्याकडे पाहून मला खरं सांगवेना. मी म्हणालो, तुझी बॅटिंग कच्ची आहे असं समितीचं एकमत झालं. तू रडली नाहीस. दुसऱ्या दिवशी पहाटे बॅट घेऊन गेलीस. मग वर्षभर तू फक्त बॅटिंग केलीस. चेंडू घे, असं आई म्हणायची, तर तू म्हणायचीस, आधी कच्चं ते पक्कं करते. जेव्हा परत बोलिंगला आलीस तेव्हा तो बाहेर जाणारा चेंडू हातातून गेला होता. आता पेपरवाले तुला अष्टपैलू म्हणतात, पण तुला सहाव्या नंबरवर खेळवतात आणि दोन-तीन षटकं देतात. तुझा खरा गुण मी घालवला.

याहून वाईट अजून सांगायचं आहे. यंदा बंदी उठली, निवडणुकीच्या सभा सुरू झाल्या. खिदिरपूरला गोदी कामगारांपुढे मी ही गोष्ट सांगितली. एका बापानं स्वतःच्या लेकीचं नाव कसं खोडलं, असं. टाळ्या थांबेनात. पुढे आणखी तीन सभांत सांगितली. जे हजारो अनोळखी माणसांना ठाऊक आहे ते तुला ठाऊक नाही. दुर्गापूजेत अध्यक्षबाई आईला भेटल्या आणि तिला सगळं कळलं. ती ओरडली नाही. जेवायला वाढता वाढता म्हणाली, अन्यायावर बोलून बोलून घसा बसतो ना तुमचा, मग घरात अन्याय करायला आवाज कुठून आणता? तेव्हापासून ती वाट पाहते आहे. मी सांगितलं नाही तर ती सांगेल.

पण हे मी तिच्या भीतीनं लिहीत नाही. पंचवीस तारखेला इथल्या मराठी मंडळात तुझा सत्कार आहे, आणि तिथलं तुझं भाषण तू त्या पाकिटातून माझ्याकडे तपासायला पाठवलंस. इथंच वाढलेली मुलगी, मराठी चुकेल म्हणून. मधेमधे बंगाली वळणं आली होती, ती बदलली. मग ते वाक्य आलं: 'समितीनं मला वगळलं तेव्हा माझं काय चुकतंय हे बाबांनी मला खरंखरं सांगितलं, म्हणून आज मी इथे उभी आहे.' दोन दिवस पेन्सिल त्या वाक्यावर धरून बसलो. खोडलं नाही. तुझं नाव मी एकदा खोडायला लावलं आहे. तुझ्या कागदावरचं काही खोडायचा हक्क आता मला नाही. ते वाक्य ठेव, काढ, की त्याजागी खरं काय ते सांग, तू ठरव. मंडळानं मलाही चार शब्द बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हणून कळवलं आहे. तू म्हणालीस तर त्या दिवशी येईन आणि मागे बसून ऐकेन; नको म्हणालीस तर घरीच थांबेन.

तुझाच,
बाबा