ढोलीतलं सर्टिफिकेट

नाकाडोंगरी
ता. ६ एप्रिल २०२५

ती. रंजूताईले गोलूचा सा. न. वि. वि.

ताई, आधी खाली बस. मी तुही खोटी सही केली. बिमार आन अपंग पोट्ट्यायले परीक्षेत मदत देतेत, तो कॉलेजचा फारम तू वहीत दडवला होता ना? तांदूळ द्याले होस्टेलवर आलो तवाच उचलला. भरून पोस्टानं धाडूनबी देल्ला. फोनवर सांगतलं असतं, पन बाबाचा फोन स्पीकरवरच चालते, सारं घर आयकते.

तुया सिकलसेलचं सर्टिफिकेट मायनं धान साठवाच्या ढोलीत पुरलं होतं, पाहुन्यायले दिसलं तर तुले मागनं कोन घालन म्हनून. तेबी काढून जोडलं. पालक म्हनून मायची सहीबी मीच ठोकली.

मागच्या साली तिसऱ्या माळ्यावर चढून तुही हाडं ठनकली, अर्धा पेपर सोडून उठली. औंदाबी तो राह्यला तर बाबा तुहा बिस्तरा बांधून घरी आनतो म्हन्ते. मंग मी गुपचूप बसू काय? काय मदत पायजे, तिथं लिवलं: खालच्या माळ्यावर बसवा, पानी पिऊ द्या, टाइम जास्त द्या, आन भावाले बाजूले बसू द्या.

राग उतरला का लोभ राहू दे.
तुहा दहावी नापास, गोलू


भंडारा
ता. २७ एप्रिल २०२५

चि. गोल्याले आशीर्वाद आन दोन रपाटे.

तुहं पत्र वाचून मी दोन दिवस जेवली नाही. कोनालेच सांगायचं नाही म्हनून मायनं मले शपथ घातली होती रे! मंग कॉलेजातल्या परीक्षेच्या मॅडमनं एकटीले खोलीत बोलावलं. वाटलं, गेली इज्जत. तर मॅडम हसून राहिल्या. तुया लिफाफ्यातून टेबलावर धान सांडलं होतं. म्हनाल्या, भाऊ सोडून सारं मंजूर, आन गोष्ट या खोलीबाहेर जात नाही.

गोल्या, काल पेपर झाला! खालची खोली, पंख्याखाली बाक, पान्याची बाटली, तासामागं वीस मिनिटं जास्त. मधात गुडघे ठनकले, तर पाय लांब करून बसू देल्लं. पुरा लिवला रे, शेवटचा सवालबी! बाहेर येऊन येडीवानी एकटीच हासत होती.

एक सांग. मॅडमनं फारम दाखवला मले. माही सही तू कोंबडी नाचल्यावानी केली, मंग मायची हुबेहूब कशी जमली? बचत गटात करते तशीच, थरथरती.

मार बाकी हाय, मायाबी.
तुही ताई, रंजू


नाकाडोंगरी
ता. ३ मे २०२५

ती. ताईले सा. न. विनंती शेवटी हाय.

पुरा लिवला! मी तलावाच्या पारीवर असा नाचलो का लोकं इचारत आले. मुंगळा चावला म्हनून सांगतलं.

आता सहीचं. मी ढोलीत मुंडकं खाली, पाय वर करून धान उपसून राहिलो होतो, आन मागं माय उभी! वाटलं, मेलो. ती म्हने, तिकडं नाही, भिंतीकडच्या बाजूले हाय. सारा फारम वाचून घेतला. मंग पदराले हात पुसून तिनंच सही केली, पाच मिनिटं लावून. डोळे भरले तिचे. म्हने, पोरीले चूप राह्याची शपथ मीच घातली, आता कोन्या तोंडानं मागं घेऊ? तिले सांगजो नोको.

आन मी तुले सांगतलं. ताई, पाया पडतो, मायले कळू देऊ नोको, बाबाले नोको, ढोलीतल्या उंदरालेबी नोको. घरी आली तर मायकडं पाहून हासूबी नोको, तिले लगेच समजते. तोंड बंद ठेव आन लोभ चालू ठेव, कोनालेच सांगू नोको ना वो ताई!

तुहा गोलू