पाचव्याचा कागद

१९ मार्च १९३२

— तीनदा दार ठोकलं. फोटोवाल्याने उघडलं नाही. शेजारच्या चांभाराने काचेतून हाताने खूण केली: गेलाय तळ्यावर, बर्फाला भोक पाडून मासे धरायला. सोमवारी येईल. सोमवारी सकाळी आमची गाडी!

बाळाला शालीत गुंडाळून तशीच परत आले. अकरा दिवसांचं बाळ. ताइस्तो नाव ठेवलंय, उर्होच्या आवडीचं.

पासपोर्ट फेब्रुवारीतच आला. एकच, उर्होच्या नावाचा. फोटोत तो खुर्चीवर, मी शेजारी, पुढे वेइक्को आणि लेम्पी. माझ्या कोटाच्या गुंड्या लागत नव्हत्या तेव्हा. म्हणजे ताइस्तोही आहे तसा फोटोत. पण कागदावर चारच नावं.

रान्ताला नावाचा कॉम्रेड रात्रीच्या जेवणाला होता. आमच्या कामगार हॉलतर्फे सगळ्यांना तिकडे, रशियात, न्यायचं काम त्याच्याकडे. मी विचारलं, बाळाच्या कागदाचं काय? तो हसला. "कामगारांच्या देशात तान्ह्या पोराला कागद कोण विचारतो, साइमा? तेवढ्यासाठी तर चाललोय!"

उर्होही हसला. मला हसू आलं नाही.

२१ मार्च

गाडीत. स्टेशनवर ताई आली होती. रडली नाही ती. एवढंच म्हणाली, "बरं नाही वाटलं तर परत ये. माडीवरची खोली कुणाला देत नाही मी."

अख्खा डबा अमेरिकेतल्या आमच्याच फिनिश लोकांचा. खाणीतून काढून टाकलेले, संपात नावं काळ्या यादीत गेलेले. करवती, कुऱ्हाडी, शिवणयंत्रं, एकाजवळ तर अकॉर्डियन. गाताहेत.

मी कधी हो म्हटलं, ते आठवायचा प्रयत्न करतेय. ऑक्टोबरातली हॉलमधली सभा, कुणी कुणी जायचं ते ठरवायची. लेम्पी मांडीवर झोपलेली. आमच्या हॉलची रीत अशी, की ज्या बाईच्या मांडीवर मूल, तिचं मत नवऱ्याने द्यायचं. उर्होने दोन्ही हात वर केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी लेम्पीचे कान झाकले, ती दचकू नये म्हणून.

२९ मार्च

बोट. चार दिवस पोटात काही ठरत नाही. दूध आटेल अशी भीती वाटते. आटलं तर या समुद्रात काय पाजणार त्याला?

५ एप्रिल

स्वीडन. धक्क्यावर अधिकारी बोट दाखवून माणसं मोजत होता. आमची पाळी आली तेव्हा मी ताइस्तोला छातीशी लावलं. अधिकाऱ्याने मान वळवली आणि शिक्का मारला. पाजणाऱ्या बाईकडे कुणी बघत नाही. एवढाच माझ्याजवळ बाळाचा पासपोर्ट.

उर्होला सांगितलं तर म्हणाला, "बघ! उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

१० एप्रिल

सरहद्द. एका ओढ्यावरचा छोटा पूल. अलीकडे फिनलंड — माझ्या आईचा देश, मी खिडकीतूनच पाहिला. पलीकडे रशिया.

सगळ्यांना खाली उतरवलं. इथे मान वळवणारं कुणी नव्हतं. टोपीवर तारा असलेल्या माणसाने पासपोर्ट वाचला, आम्हाला मोजलं. पुन्हा वाचला. पुन्हा मोजलं. मग बाळाकडे पेन्सिल रोखून काहीतरी म्हणाला.  वेइक्कोच्या खांद्यावर हात टेकून उभी राहिले. तो कुजबुजला, "आई, दुखतंय."

फिनिश बोलणारा एक कारकून आला. उर्होने त्याला सगळं सांगितलं. कारकुनाने ताराटोपीवाल्याला सांगितलं. आणि तो हसला! मोठ्याने, डोकं मागे टाकून. टेबलाशी बसला आणि नवा कागद भरायला घेतला. बाळाचं नाव, बापाचं नाव, तारीख. ठप्पा. कागद उंच धरून ओरडला. कारकुनाने आम्हाला सांगितलं: "म्हणतोय, हा आमचा! तुम्ही पाहुणे, हा नागरिक!"

मग सगळा फलाट टाळ्या वाजवायला लागला. कुणीतरी ताइस्तोच्या दुपट्यावर लाल रुमाल टाकला. रान्तालाने उर्होला मिठी मारली. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. रडत होते, सुटल्यासारखं झालं होतं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा गाडीत गाढ झोपले.

१८ एप्रिल

कोइवुसेल्का. जंगलातला लाकूडतोडीचा कॅम्प. शहरापासून लॉरीने तीन तास, बर्फ नसेल तर.

बराक ओल्या लाकडाची आहे. स्टोव्ह पेटला की भिंती घामेजतात. एका खोलीत चार कुटुंबं, मध्ये चादरी. आमच्या चादरीपलीकडे हुल्दामावशी, मिशिगनच्या खाणीत नवरा गमावलेली. इथे स्वयंपाकघरात आहे. पहिल्याच दिवशी चादर बाजूला करून म्हणाली, "मी घोरते. तुझं पोर रडतं. फिट्टंफाट. कॉफी आणलीयस का?"

दोन पौंड आणली होती. आता एक.

उर्हो खूश आहे. अमेरिकन करवतीने तो आणि त्याचा जोडीदार तिघांइतकं काम करतात. इथले लोक बघायला येतात.

२ जून

डास. दुसरं काही लिहायला नाही.

३१ जुलै

लेम्पीला खोकला. ओलाव्यामुळे असेल. कांद्याचं पाणी देते.

ताइस्तोने आज आपला आपण कूस बदलली.

१९ ऑगस्ट

खोकला जात नाही. रात्री तिच्या अंगावर हात ठेवून झोपते, छाती वरखाली होतेय ना ते कळावं म्हणून. सकाळी उशी ओली असते. चार वर्षांच्या पोरीला एवढा घाम?

उर्हो म्हणतो, हवा बदलली की होतं असं. हवा बदलून चार महिने झाले!

३० ऑगस्ट

शहरातून डॉक्टरीणबाई आल्या. रशियन, पन्नाशीच्या, पायात पुरुषी बूट. लेम्पीच्या पाठीवर किती तरी वेळ कान लावून ऐकलं. मग बराकीच्या भिंतीवर तळवा फिरवला आणि तो ओला तळवा मला दाखवला. हुल्दामावशीला मोडकं रशियन येतं, तिने सांगितलं.

"हिला कोरडी खोली, दूध, लोणी. इथला हिवाळा ही काढणार नाही."

मी विचारलं, "काढणार नाही म्हणजे?"

मावशीने ते विचारलंच नाही. म्हणाली, "कळलंय तुला."

जाताना डॉक्टरीणबाईंनी माझा दंड धरला. "न्यायला दुसरी जागा असली तर न्या. बर्फ पडायच्या आत."

जागा आहे. ताईच्या माडीवरची. दक्षिणेला खिडकी असलेली.

४ सप्टेंबर

उर्होला म्हटलं, परत जाऊ. तो करवतीचे दात घासत होता. घासतच राहिला. शेवटी म्हणाला, "इथल्या लोकांना काय तोंड दाखवू?"

"दाखवू नकोस. पाठ दाखव आणि चल!"

असं मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते. त्याने कानस खाली ठेवली. "पोरीचं एवढं झालंय का खरंच?" त्याने विचारलं आणि मग स्वतः जाऊन तिच्याशेजारी बसला. ती झोपेत खोकत होती. तो उठला तेव्हा म्हातारा दिसला मला.

६ सप्टेंबर

बातमी फुटली. जेवणघरात रान्ताला सगळ्यांसमोर म्हणाला, "साइमाला अमेरिकेच्या लोण्याची आठवण येतेय म्हणे!" काही जण हसले.

हुल्दामावशी पळी आपटून म्हणाली, "तुझी बायको कुठाय रे, कॉम्रेड? अजून अमेरिकेत, डुलुथलाच ना? तिला लोणी सोडवेना वाटतं."

मग कुणी हसलं नाही. रान्ताला पानावरून उठला. मला त्याचीही भीती वाटायला लागली आहे.

१३ सप्टेंबर

शहर. कचेरीत साडेतीन तास बाकावर. ताइस्तो मांडीवर, उर्हो शेजारी, हातात टोपी पिळत.

टेबलामागचा माणूस वाईट नव्हता. तरुण, कान मोठे, फिनिश छान बोलत होता. पासपोर्ट पाहिला. म्हणाला, "हरकत नाही. दोन-तीन आठवड्यांत परवानगी मिळेल. चौघांना."

"पाच," मी म्हटलं.

त्याने सरहद्दीवरचा तो कागद उलगडून टेबलावर सपाट केला. "हा आमचा नागरिक आहे. त्याला इथला परदेशी जायचा पासपोर्ट लागेल. अर्ज मॉस्कोला जाईल."

किती दिवस?

"वर्ष. दीड. नाहीही म्हणतील."

उर्होने विचारलं, आमच्या पासपोर्टात त्याचं नाव घालता येणार नाही का? "ते काम तुमच्या वकिलातीचं. तुमच्या अमेरिकन सरकारची इथे वकिलातच नाही. सरहद्दीबाहेर, रीगाला आहे. तिथे जायला पुन्हा यालाच पासपोर्ट हवा."

मी म्हटलं, मग मी लेम्पीला घेऊन जाते. बाळ बापाजवळ राहील, बाटलीने पाजतील. वेइक्कोही राहील. फक्त लेम्पीला जाऊ द्या.

त्याने पासपोर्ट माझ्याकडे फिरवला. "बाई, हा तुमच्या नवऱ्याचा. तुम्ही यातली एक ओळ आहात. ओळ एकटी प्रवास करू शकत नाही."

परत लॉरीत. माणसं टाळ्या वाजवत होती तेव्हा कागद वाचायला हवा होता. मीही वाजवल्या. मला वाचता आला नसता, ते वेगळं. पण विचारायला तर येत होतं!

१४ सप्टेंबर

हुल्दामावशी चादरीआडून, हळू आवाजात: "पोरी, मी ठेवते त्याला. तुम्ही चौघं जा. माझी तीन मिशिगनच्या मातीत आहेत. मला बाळं सांभाळता येतात. कागद झाला की पाठवते."

 

इथे लिहिते, दुसरीकडे कुठे सांगणार? एक क्षणभर मी मनातल्या मनात हो म्हटलं. त्या क्षणाची मला लेम्पीच्या खोकल्यापेक्षा जास्त भीती वाटते.

१५ सप्टेंबर

मावशीला नाही म्हटलं. तिने फक्त मान हलवली आणि माझ्या वाटीत जास्तीचं सूप घातलं.

२१ सप्टेंबर

उर्हो म्हणाला, "तू जा. मी थांबतो बाळाजवळ. मला इथे राहायचंच होतं, तुला नव्हतं."

"कागद तुझ्या नावाचा आहे, उर्हो."

त्याला ते ठाऊक होतं. तरी म्हणाला. मग दोघं बराकीच्या मागे लाकडांच्या चळतीवर बसलो. तो हसायला लागला, नको तसं. "इथे यायला मी दोन हात वर केले. आणि आता पळणारा मीच."

"पळू नकोस. पोरीला पोहोचव."

"रान्ताला म्हणेल..."

"म्हणू दे."

असं ठरलं. तो दोन्ही मुलांना घेऊन जाणार. मी ताइस्तोबरोबर थांबणार. मॉस्कोचा अर्ज टाकला आहे. उर्होच्या हिशेबाने बर्फ वितळलं की, म्हणजे मेमध्ये, मी आणि बाळ. त्याने दोनदा विचारलं, "मेमध्ये ना?" मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

जिला पहिल्या दिवसापासून यायचं नव्हतं, ती राहणार. हे ताईला पत्रात कसं लिहू?

२८ सप्टेंबर

परवानगी आली. तीन तारखेची लॉरी.

वेइक्कोला सांगितलं. सात वर्षांचा आहे, सगळं कळतं. विचार करून म्हणाला, "मग आम्ही तिकडे असताना तुला लाकडं कोण आणून देणार?"

रोज सकाळी बराकीत लाकडं तो आणतो. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

१ ऑक्टोबर

शनिवार, वाफेच्या न्हाणीचा दिवस. लेम्पीला शेवटचं न्हाऊ घातलं. वाफेत तिचा श्वास मोकळा होतो. पाठीवर बरगड्या वर आल्यात. आमच्या रीतीप्रमाणे पानांच्या डहाळीने हळूच झोडलं तर खुदखुदली. "आई, गुदगुल्या!"

तिच्या अंगावर कुठे तीळ आहे ते पाहून ठेवलं. डाव्या खांद्यामागे एक. गुडघ्याखाली एक. मेमध्ये तर भेटणार आहे, मग हे कशाला?

२ ऑक्टोबर

पहिलं बर्फ. पातळ. उर्हो सारखा रस्त्याकडे बघतोय, लॉरी येईल ना म्हणून. मीही. तो यावी म्हणून बघतो. मी कशासाठी बघते ते मला कळत नाही.

३ ऑक्टोबर

सकाळी सातला लॉरी गेली. लेम्पी गोधडीत झोपेतच होती, उठवलं नाही. वेइक्कोने रात्रीच आठवडाभराची लाकडं आणून रचली होती.

नऊला बाळाला घेऊन कॅम्पच्या कचेरीत गेले, शिध्याचं कार्ड पाचाचं दोघांचं करायला. कारकून म्हणाला, तुमचा पासपोर्ट तर सकाळी गेला. आता तुम्ही कोण? इथे राहायचं तर इथलं नागरिक व्हावं लागेल. नाहीतर बाळ इथे ठेवून नवऱ्याबरोबर जा. मी विचारलं, इथली झाले तर मेमध्ये जाता येईल? तो म्हणाला, नाही, बाई. मग ते मनातून काढून टाका.

नागरिकत्वाच्या कागदावर सही केली. शहरातली गाडी दुपारी दोनची आहे. आता बारा वाजलेत. तिघं अजून स्टेशनातच असतील, मेचा हिशेब करत.