पुलाखालचे देव

आई,

तुझे देव आत्ता माझ्या गाडीच्या डिकीत आहेत. जॅक, पाण्याचा कॅन आणि ओली छत्री यांच्या शेजारी. चिडू नकोस, आधी ऐकून घे. मुलुंडची आपली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. दादा-वहिनी महिन्याभरात भाड्याच्या घरात जाणार, आणि वहिनी म्हणाली, भंगलेले देव तिकडे नकोत. तिचंही चूक नाही. अन्नपूर्णेचा हात तुटलाय, शंखाला तडा गेलाय, आणि कॅलेंडरवरून कापून तू फ्रेम करून घेतलेल्या तसबिरींना वाळवी लागलीय. तू गेल्याला सतरा वर्षं झाली, एवढे दिवस कोणी त्यांना हलवलं नव्हतं. पण तुझं सांगणं आम्हां दोघांना पाठ होतं. "माझे देव खाडीत नका रे टाकू. घाटाखालच्या आपल्या पुलावरून सोडा, तिथलं पाणी स्वच्छ आहे."

म्हणून रविवारी निघालो. मी बोरिवलीहून येऊन दोघांना घेतलं. वहिनीने पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घेतली होती, तू घ्यायचीस तशी. मुरबाड सोडल्यावर दोन्ही बाजूंनी हिरवं सुरू झालं आणि पाच-दहा मिनिटं मला खरंच बरं वाटलं. मग घाट जवळ आला आणि सगळा विचका. रस्त्याच्या कडेला गाड्याच गाड्या, दारं सताड उघडी टाकून लावलेली गाणी, जळक्या तेलाचा वास, उघडी पोटं घेऊन नाचणारे बाप्ये. एका बाईने माझ्यादेखत पोराचं डायपर गुंडाळून गवतात भिरकावलं आणि त्याच हाताने कणीस खायला घेतलं. शी! दादा म्हणाला, "तू बघू नको ना तिकडे." मग बघू कुठे? डोळे मिटून गाडी चालवू?

किळस मी तुझ्याकडूनच शिकले. दुधाची पिशवी धुतल्याशिवाय तू कापायची नाहीस. नाला ओलांडताना पदर नाकाला लावायचीस आणि घरी आल्यावर आम्हांला पाय घासायला लावायचीस, चपला घालून गेलो होतो तरी. देवाचं वाळलेलं फूल कचऱ्याच्या डब्यात पडलं म्हणून एकदा माझ्या पाठीत धपाटा घातला होतास. वर्षभराचं निर्माल्य तू साडीच्या दुकानाच्या जाड पिशव्यांत साठवायचीस, आणि दिवाळीच्या सुट्टीत बाबा मित्राची गाडी मागून आणायचे. मला ते अजून दिसतं. पुलावर गाडी थांबते. तू चपला काढतेस, पिशवीला दोन गाठी मारतेस, काही सांडायला नको म्हणून, आणि मला म्हणतेस, "तू टाक, पोरीच्या हातून बरं." मी टाकते. तू हात जोडून, डोळे मिटून विचारतेस, "गेली का गं वाहून?" मग आपण कठड्याशी उभ्याने पुऱ्या खातो, आणि तू मोठा श्वास घेऊन म्हणतेस, "इथली हवाच वेगळी."

त्या पुलाला आता जाळी लावलीय, माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत. दादाचा गुडघा दुखतो, म्हणून देवांची पिशवी घेऊन बाजूच्या वाटेने मी एकटीच खाली उतरले. खाली काय होतं ते तुला ऐकावंच लागेल. खांबाशी पिशव्यांचा ढीग, माझ्या छातीएवढा. वरवरच्या पिशव्यांच्या गाठी तशाच घट्ट होत्या. फुटलेल्यांतून फुलांचा काळा चिखल बाहेर आलेला, नारळांत अळ्या, काचा, दारूच्या बाटल्या. एका देवीच्या तसबिरीवर कुणाचं तरी वापरलेलं पॅड पडलं होतं. मला तिथेच उलटी झाली, पुऱ्यांसकट.

जरा वरच्या अंगाला एक बाई हंडा भरत होती. माझ्याच वयाची असेल. माझं तोंड पुसून होईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "मुंबईच्या ना? ठेवा, तुमचे पण ठेवा. हे खालचं पाणी आता ढोरं पण पीत नाय." मी म्हटलं, "अहो, माझ्या आईची इच्छा होती." ती म्हणाली, "मग तुमच्या घरात जागा नाय का देवाला?" तिने हंडा डोक्यावर घेतला आणि ती गेली. एवढ्यात वरून दादाची हाक आली. "सोडलेस का गं? गेले का वाहून?"

"नाही!" मी ओरडले. "काही जात नाही इथून!" आणि पिशवी घेऊन वर आले. दादा भडकला. "आईची एक गोष्ट तुझ्याच्याने होत नाही?" मी म्हटलं, तू खाली जाऊन बघ आणि मग बोल. तो गेला नाही. वहिनी ओढणी नाकाशी धरून एवढंच म्हणाली, "माझ्याकडे नाही हं घेणार परत." दोघांना मुलुंडला सोडलं, पिशवी माझ्या डिकीतच राहिली.

आज चौथा दिवस. हे सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून लिहितेय. संध्याकाळी तुझे देव वर नेणार आहे, माझ्या स्वयंपाकघरात, तुटक्या हातासकट. घरच्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत. हा कागद घडी करून तुझ्या अन्नपूर्णेखाली ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार? दादाला वाटतं, मी तुझा शब्द मोडला. मोडला, आई. तुझाही राग येतो मला. एवढी स्वच्छतेची तू, आणि एकदाही कठड्यावरून वाकून खाली बघितलं नाहीस.

पण मी बघितलं होतं. दहा वर्षांची होते. पिशवी खांबाशी अडकून तिथेच गरगरत होती, आणि तिच्याखाली गेल्या वर्षीची, त्याच साडीच्या दुकानाची. तू डोळे मिटूनच विचारलंस, "गेली का गं वाहून?" मी म्हटलं, "गेली." तू खूश झालीस, पहिली पुरी मला दिलीस.

ती गेली नव्हती, आई.